बेटावरून येणारा सिग्नल

आमच्या ऑफिसात तिला टकटकताई म्हणत. वकिलांची मोठी कचेरी होती ती. खाली कायद्याच्या पुस्तकांची कपाटं, वर एका लांबट खोलीत आम्ही टंकलेखिका, खिडकीकडे पाठ करून बसलेल्या. टकटक सगळ्याच करायच्या, पण नाव पडलं ते तिलाच, कारण मशीन बंद असलं तरी तिची बोटं थांबायची नाहीत. डब्याच्या झाकणावर, फायलीच्या पुठ्ठ्यावर, खुर्चीच्या हातावर काही ना काही चालूच. मी तिच्या शेजारच्या टेबलाशी. एकदा न राहवून विचारलं, "ताई, हे काय वाजवता सारखं?"

"तुझं आडनाव," ती म्हणाली. "भलतंच लांब आहे. लवकर लग्न करून छोटं करून घे."

ती हौशी रेडिओ शिकत होती, हे मला असं कळलं. स्वतःच्या घरातून, स्वतःच्या बिनतारी यंत्रावरून, जगात कुठल्यातरी अनोळखी माणसाशी बोलायचं. पोटापाण्यासाठी नव्हे, नुसत्या हौसेपोटी. मला त्यात काय गंमत ते समजेना. "फोन आहे की ऑफिसात," मी म्हटलं. ती हसली. "फोनवर कोण उचलणार ते आधीच माहीत असतं गं."

तेव्हा ती चाळिशीच्या अलीकडे होती. लग्न केलं नव्हतं. एकदा ठरलं होतं, मग आईनं अंथरूण धरलं, आणि समोरच्यांनी थोडी वाट बघून दुसरीकडे जमवलं. घर थोरल्या भावाचं. खाली भाऊ, वहिनी आणि त्यांचा संसार, वर गच्चीला लागून एक खोली. त्या खोलीत आईचं आजारपण तिनं एकटीनं काढलं. आई गेली आणि तिच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या. ऑफिसातून घरी जायची, वर चढायची, आणि आईच्या रिकाम्या पलंगाकडे बघत बसायची. जेवायला हाक मारली तरी ऐकू यायची नाही.

दादा पाणीपुरवठा खात्यात होते. माणूस वाईट नाही, पण घरात कोणी उदास बसलेलं त्यांना खपत नसे. गळका नळ दिसला की जसे ते पाना शोधत, तसंच माणसाचंही. त्यांचे एक बुद्धिबळाचे सोबती होते, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. जन्मभर तारखात्यात नव्या भरतीला तारेची भाषा शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. विधुर होते. घरात माणसांपेक्षा यंत्रं जास्त. दादा एके दिवशी तिला त्यांच्याकडे घेऊन गेले आणि म्हणाले, "मास्तर, हिला काहीतरी शिकवा. भिंतीकडे बघून बघून भिंतीला भोक पाडेल."

मास्तरांनी तिच्यासमोर पितळी की ठेवली. की म्हणजे दाबायची पट्टी. थोडं दाबलं तर टिंब, जास्त दाबलं तर रेघ. टिंबं आणि रेघा मिळून अक्षरं. ती कागदावर तक्ता काढू लागली तेव्हा त्यांनी पेन्सिल काढून घेतली.

"मोजू नकोस मुली. कोणी तुला हाक मारली की त्यातली अक्षरं मोजतेस का? ऐक नुसतं. गाण्याची चाल ऐकतात तसं."

तिची बोटं टायपिंगनं तयार झालेली होती आणि कान आईच्या श्वासावर लक्ष ठेवून तयार झालेला होता. ती भराभर शिकली. मास्तर म्हणत, इतकी वर्षं शिकवलं, पण असा कान नाही पाहिला. त्यांनीच तिला सांगितलं की बोटांनाही अक्षर असतं. दोन माणसं तेच वाक्य पाठवतील, पण एकाची रेघ शेपटी ओढल्यासारखी लांबेल, दुसरा टिंबांवर घाई करेल. जुना माणूस पलीकडचा हात ऐकूनच कोण बोलतोय ते ओळखतो. मास्तरांचा हात सुबक होता, छापील अक्षरासारखा.

परीक्षा झाली, परवाना आला. तिला स्वतःचं सांकेतिक नाव मिळालं, त्याला कॉल साइन म्हणतात. ते तिनं मला डब्याच्या झाकणावर वाजवून दाखवलं, आणि लाजली. मला ते फार गोड वाटलं. माणूस इतक्या वयात नवं नाव मिळाल्यावर असा लाजतो.

हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात एक घड्याळजी होते, डाग लावण्यात, म्हणजे कथील वितळवून तारा जोडण्यात पटाईत. त्यांनी जुन्या सुट्या भागांतून तिचा सेट जुळवून दिला. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या लोखंडी खांबापर्यंत एरियलची तार ताणायची होती. त्या दिवशी घड्याळजी गावाला गेले होते, म्हणून वर चढले दादा. मास्तरांचे गुडघे धरलेले. ते खाली खुर्चीत बसून सूचना देत होते. तारेचा जोड दादांनी पिळला, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली, आणि नळाचं काम उरकल्यासारखे हात झटकून खाली उतरले.

मग सुरू झालं वाट बघणं.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ती कानांवर हेडफोन चढवायची आणि हाक मारायची. त्या हाकेचा अर्थ एवढाच, की कोणी आहे का, कोणीही. मग थांबायची, ऐकायची. कानात मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असल्यासारखा आवाज, आणि त्यात लांबलांबची माणसं एकमेकांशी बोलताना ऐकू यायची. तिला उत्तर मात्र कोणी देत नसे. एकमेकांना देत, तिला नाही. "लग्नघरात उभी आहे आणि कोणी 'या, बसा' म्हणत नाही," असं ती सांगायची. पहिल्यांदा हसत सांगायची. पुढं पुढं नुसतंच सांगायची.

मास्तर धीर देत. हवा खराब आहे, सूर्यावर डाग आहेत, ऋतूच वाईट. शेवटी एक दिवस तिनं सेटवर आईची जुनी साडी टाकली आणि मास्तरांना म्हणाली, "माझ्या नशिबात नुसतं ऐकणंच दिसतंय. राहू दे आता."

मास्तरांनी ती साडी उचलून तिची घडी केली. मग म्हणाले, "उद्या एकदा बघ. शेवटचं. दिवेलागणीच्या सुमाराला हवा बरी असेल असं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी तिला उत्तर आलं.

त्यानंतरची सकाळ मला लख्ख आठवते. जिना चढतानाच तिची पावलं वेगळी वाजत होती. तिनं सगळ्या खोलीला चहा पाजला, शिपायालाही. एका छोट्या बेटावरचा माणूस होता. हवामान केंद्रात काम करायचा; वारा, पाऊस, समुद्र मोजायचा. सिग्नल अगदी क्षीण, वर जायचा, बुडायचा, परत यायचा. हात जरा अवघडलेला, नवशिक्यासारखा.

"पण माणूस आहे गं," ती म्हणाली. "खरा. त्यानं माझ्या कॉल साइननं मला हाक मारली."

आम्ही त्याचं नाव बेटकर ठेवलं. बेटकर तिला आठवड्यातून दोनतीनदा भेटू लागला. ती आधी विचारायची, वारा कुठून? तो सांगायचा, नैर्ऋत्येकडून, किंवा आज पडलाय. मग गप्पा. बेटावर झाडं कमी, पक्षी फार. रसदीची बोट कधी येते, कधी येत नाही. एकमेकांशी बोलणं झालं की हौशी लोक आठवण म्हणून कार्ड पाठवतात. बेटकरचं कार्ड मात्र येत नव्हतं, कारण बोटीचा भरवसा नाही. तिनं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. ती म्हणायची, कार्ड काय चाटायचंय? माणूस बोलतोय ना.

अशा गप्पा हवेवर सहसा कोणी मारत नाही. नाव, गाव, सिग्नल कसा आहे, हवा कशी आहे, आणि शुभेच्छा; संपलं. पण हे दोघं बोलत राहिले. समोर चेहरा नसला की जीभ सैल होते, आणि इथं तर जीभही नव्हती, नुसती बोटं होती. आईच्या शेवटच्या दिवसांत एकदा तिच्या मनात आलं होतं, आता सुटू दे हिला आणि मलाही. हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं, बेटकरला सांगितलं. घर आपलं वाटत नाही, आपण वरच्या मजल्यावरची भाडेकरू आहोत, हेही सांगितलं. गंमतीच्याही गोष्टी सांगितल्या. आमचे मास्तर थोर, पण एका तारेतलं एक अक्षर गळलं आणि कसा घोटाळा झाला, हा एकच विनोद दर भेटीत सांगतात, आणि मी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसते. नंतर कधीतरी तिच्या लक्षात आलं, की मास्तरांनी तो विनोद सांगणं सोडलंय. तिला वाटलं, वय झालं, विसरले असतील.

त्याच सुमाराला आमच्या कचेरीची दुसऱ्या शहरात शाखा निघायची होती. साहेबांनी ताईला आत बोलावून विचारलं, तिथला टंकलेखन विभाग सांभाळाल का? पगार बरा, राहायला खोली, आणि हाताखाली माणसं. ती हो म्हणून बाहेर आली, पण कोणाला बोलली नाही. मलाही नाही. घरी सगळं पक्कं झाल्यावरच सांगायचं तिनं ठरवलं होतं. दादांना आधी सांगितलं तर ते पाना घेऊन येतील, हे तिला माहीत होतं. सांगितलं फक्त बेटकरला. तो म्हणाला, छान. कधी निघणार? तिनं सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात गच्चीवर कपडे काढताना वहिनी सहज बोलून गेल्या, "वन्सं, तिकडची खोली पाहून आलात का? का ऑफिसवालेच दाखवणार?"

"तिकडची म्हणजे कुठली?"

वहिनींनी जीभ चावली. "अहो, मला वाटलं... ह्यांनीच सांगितलं. तुम्हीच सांगितलं असेल ना त्यांना?" आणि टोपली उचलून खाली निघून गेल्या.

तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि संशय वळला माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मशीनवरचं झाकण न काढताच तिनं मला विचारलं, "माझ्या बदलीचं तू आमच्या घरी कोणाला सांगितलंस?"

"कसली बदली?" मी म्हणाले. मला खरंच काही माहीत नव्हतं.

तिचा विश्वास बसला नाही. बदलीचं साहेबांना ठाऊक, आणि त्यांचे कागद टाइप व्हायचे आमच्याच खोलीत. साहेब कशाला सांगतील? ती माझ्याशी बोलेनाशी झाली. डबा घेऊन दुसऱ्या टेबलाशी बसायची. मी चिडले, घरी जाऊन रडले. इतकी वर्षं शेजारी शेजारी बसून हिला मी अशी वाटले?

आणि मग साहेबांनी तिला परत बोलावलं. ती जागा एका बाहेरच्या गृहस्थांना दिली होती. साहेब भले माणूस, अवघडून म्हणाले, "तुमचे बंधू येऊन भेटले. तुमच्या प्रकृतीबद्दल सांगितलं. आई गेल्यापासून मनावर परिणाम झालाय, एकटं ठेवणं बरं नाही, म्हणाले. तुम्ही आधी बोलला असतात तर..."

तिनं आपली प्रकृती चांगली आहे असं सांगून पाहिलं. पण वेड्यानं मी शहाणा म्हटलं तर कोण ऐकतं? ती बाहेर आली आणि एक दावा जसाच्या तसा टाइप करून टाकला, एकही चूक न करता.

त्या संध्याकाळी ती बेटकरकडेच गेली. हाक मारली, तो आला. तिनं वाराबिरा विचारला नाही. जागा गेली, भावानं घालवली, असं सांगून टाकलं. सिग्नल त्या दिवशी अजिबात खालीवर होत नव्हता, एकसारखा येत होता. हवा चांगली असेल, तिला वाटलं. बेटकर थांबत थांबत म्हणाला, वाईट वाटलं. पण कदाचित बरंच झालं. घर सोडलं की माणूस एकटा पडतो, हे बेटावरच्या माणसाला विचार.

तिला त्यानं बरं वाटलं. हे ती मला नंतर पुन्हा पुन्हा सांगत असे. "त्याच्या त्या बोलण्यानं मला बरं वाटलं गं. मी त्याचे आभार मानले."

त्या रविवारी क्लबात नवशिक्यांचा सराव होता. क्लब म्हणजे एका छापखान्यावरची खोली. शाईचा वास, बाकडी, आणि पुढं टेबलावर एक की आणि भोंगा. परीक्षा जवळ आल्यानं खोली भरली होती. मास्तरांच्या उजव्या हाताला जाड पट्टी होती. आठवड्यात कधीतरी उकळतं पाणी सांडलं होतं. "आज माझ्याकडून नको," ते म्हणाले. "घड्याळजी देतील."

पण घड्याळजींचा वेग अडखळता. पोरं कुरकुरू लागली. कोणीतरी म्हणालं, "मास्तर, डावा आहे की! तुमचा डावाही आमच्या उजव्याला भारी."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी एकदा खोलीभर पाहिलं. ताई मागच्या बाकावर होती, नव्या मुलींना मदत करायला बसलेली. मग नाइलाजानं त्यांनी की डाव्या बाजूला ओढली आणि पाठवायला सुरुवात केली.

सगळ्यांच्या पेन्सिली चालू लागल्या. तिचीही. तीनचार शब्द लिहून झाले आणि ती थांबली. रेघ जरा अवघडलेली, टिंबांच्या आधी श्वास घेतल्यासारखी फट, शब्दाच्या शेवटी किंचित घसरण. हा हात तिला तोंडपाठ होता. या हातानं तिला पक्ष्यांबद्दल सांगितलं होतं. या हाताला तिनं आईबद्दल सांगितलं होतं.

तिला आधी वाटलं, आपल्याला भास होतोय. दादा म्हणतात तसं मनावर परिणाम झालाय. ती डोळे मिटून ऐकत राहिली. भास नव्हता.

उतारा संपला. घड्याळजींनी विचारलं, "आता कोण पाठवतं?" ती उठली आणि बाकांमधून पुढं गेली. मास्तर बाजूला झाले. तिनं बसून एवढंच पाठवलं: वारा कुठून?

पोरांनी ते इमानदारीनं लिहून घेतलं आणि पुढच्या शब्दासाठी थांबली. पुढचा शब्द आला नाही. ती मास्तरांकडे बघत होती आणि मास्तर आपल्या पट्टीकडे. कोणाला काही समजेना. एका मुलीनं विचारलंसुद्धा, "ताई, एवढंच का?"

"एवढंच," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून जिना उतरली.

घरी दादा पेपर वाचत होते. तिनं त्यांच्यासमोर उभं राहून विचारलं, "बेटावरचा माणूस मास्तर आहेत, हे तुला कधीपासून माहीत आहे?"

दादांनी पेपर खाली केला. नाकारतील असं तिला वाटलं होतं. पण ते जवळजवळ सुटल्यासारखे म्हणाले, "कळलं का? मी मास्तरांना म्हणत होतो, कधीतरी कळेल."

"कधीपासून?"

"अगं, पहिल्यांदा त्यांनी आपणहूनच केलं. तू सोडून देणार होतीस. बिचाऱ्यांना दया आली. मला नंतर सांगितलं. तू किती खुलली होतीस! मी म्हटलं, चालू द्या मग."

"आणि बदलीचं?"

"ते त्यांनी सांगितलं म्हणून बरं झालं. नाहीतर तू निघून गेली असतीस. एकटी. आजारी पडलीस तर कोण बघणार? तुझ्या भल्यासाठीच केलं ना मी?"

"साहेबांना मी वेडी आहे म्हणून सांगितलंस."

"वेडी नाही म्हटलं. प्रकृती म्हटलं."

वहिनी दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आता तरी गप्प बसा." मग ताईकडे वळून, "वन्सं, मला एवढंच वाटत होतं की मास्तर तुमची खबर घेतात आणि यांना सांगतात. ते बेटाचं मला ठाऊक नव्हतं हो."

"आणखी काय काय सांगितलं त्यांनी तुला?" तिनं दादांना विचारलं. "आईचं सांगितलं?"

दादांनी पेपर पुन्हा उचलला. त्यावरून तिला कळलं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्याच्याशी तिचं हाडवैर असतं, त्यानं असं केलं असतं तर ती भांडून मोकळी झाली असती. इथं एक गुरू होता, एक थोरला भाऊ होता, आणि दोघांनाही खरोखर वाटत होतं की आपण तिच्यावर उपकार केले.

सोमवारी ती माझ्या टेबलाशी आली, माझ्या मशीनवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझी माफी मागते." मग डब्याच्या वेळेला सगळं सांगितलं. मी रागानं काहीबाही बोलले.  तिची बोटं टेबलावर पालथी, गप्प पडली होती.

मास्तर त्याच आठवड्यात कचेरीत आले. शिपायानं त्यांना जिन्याच्या वळणावर बसवलं होतं. ती मला म्हणाली, "तू चल बरोबर." म्हणून पुढचं मी स्वतः ऐकलेलं आहे.

"एकदाच द्यायचं होतं उत्तर," मास्तर म्हणाले. "तुझा जीव तुटताना बघवत नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी तू इतक्या आनंदानं हाक मारलीस... मला थांबता येईना मुली. मलाही कोण होतं बोलायला?"

"सिग्नल खालीवर कसा व्हायचा?"

त्यांनी मान खाली घातली. "डाव्या हातानं की, उजव्या हातानं आवाजाचं बटण. लांबचा वाटावा म्हणून."

माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं. एक म्हातारा माणूस दोन गल्ल्यांपलीकडे बसून एका हातानं बोलतोय आणि दुसऱ्या हातानं समुद्र करतोय.

"दादानं विचारलं तेव्हा का सांगितलंत?"

"तो काळजीनं विचारत होता."

"आणि मी विश्वासानं सांगत होते."

 मग तिनं विचारलं, "माझी हाक कोणालाच का ऐकू जात नव्हती?"

"तारेत दोष असणार. एखादा जोड. माझ्या घरापर्यंत येत होतं कसंबसं, पुढं नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता. वर चढून बघायला हवं होतं. माझे गुडघे..."

"घड्याळजींना सांगता आलं असतं."

"आलं असतं," मास्तर म्हणाले. मग फार हळू, "उत्तर देणं सोपं होतं."

ती उठली. "काम पडलंय," म्हणाली, आणि वर गेली. मास्तर बराच वेळ वळणावर बसून होते. मी त्यांना पाणी नेऊन दिलं, पण ते प्यायले नाहीत.

घड्याळजींनी गच्चीवर चढून चिकटपट्टी सोडली. आत तांबं हिरवं पडलेलं, दोन टोकं नुसती शेजारी शेजारी टेकलेली. त्यांनी जोड घासला आणि डाग लावला. काम एका चहाच्या वेळात आटोपलं. त्या संध्याकाळी तिनं हाक मारली आणि पहिल्याच हाकेला कोणीतरी उत्तर दिलं. लांबच्या देशातला एक गडी, घाईत असलेला. सिग्नल छान आहे, माझं नाव हे, इथं ऊन आहे, शुभेच्छा. आणि गेला पुढच्या माणसाकडे. तिची खरीखुरी पहिली भेट एवढीच.

मी विचारलं, "मग? आनंद झाला?"

ती म्हणाली, "मी पूर्ण वेळ त्याचा हात ऐकत होते. ओळखीचा नाही ना, म्हणून."

वर्षभरात तिनं स्वतःची खोली घेतली, त्याच शहरात, पण नदीपलीकडे. सामान हलवायला दादा आले होते. पलंग, ट्रंक, भांडी त्यांनी उचलली, सेटला हात लावायला गेले तेव्हा ती म्हणाली, "ते राहू दे." दादा तिथंच थबकले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पाहिलं, पण सेट स्वतःच उचलला. पुढं येणंजाणं राहिलं, वहिनींमुळे. दादा आजारी पडले तेव्हा ती महिनाभर जाऊन राहिली, सगळं केलं. पण कसं चाललंय असं त्यांनी विचारलं, की उत्तर एकच: ठीक.

तिनं पुढं खूप लोकांना शिकवलं. चांगली शिकवायची. कोणी म्हणालं, ताई, मला कोणी उत्तरच देत नाही, तर ती चौकशी न करता पहिली त्याच्या गच्चीवर जायची, गुडघे दुखायला लागल्यावरही. हवेवर मात्र नाव, गाव, सिग्नल आणि शुभेच्छा, याच्या पुढं ती कोणाशी कधी गेली नाही. क्लबातल्या नव्या लोकांना ती जराशी कोरडी वाटायची.

मी तिला एकदा विचारलं होतं, मास्तरांचा राग गेला का? आम्ही दोघी तेव्हा निवृत्त झालो होतो, बागेत फिरत होतो. ती म्हणाली, "मास्तरांचं काय, ते एकटे होते. मला बेटकरचं वाईट वाटतं. माणूस मेला की रडता तरी येतं. हा मेलाही नाही."

मास्तर बरंच वय होऊन गेले. क्लबानं ठरवलं, की रविवारी सकाळी सगळ्यांनी हवेवर यायचं, एकेकानं आपली कॉल साइन पाठवायची आणि मग थोडा वेळ शांत राहायचं. मी त्या दिवशी तिच्याकडे होते. तिनं सेट लावला, हेडफोन चढवला. एकेक जण येत होता. तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं, हा ओळखीचा, हा तिचाच विद्यार्थी. तिचा हात कीवर होता. सगळे झाले, मग शांतता झाली, मग तीही संपली. तिनं की दाबली नाही.

दुपारी घड्याळजींचा फोन आला. सगळे होते, तुझंच नाव नव्हतं, काय झालं?

"माझा सेट बिघडलाय," ती म्हणाली.

घड्याळजी म्हणाले, येऊन बघतो. ती म्हणाली, नको, मी करीन दुरुस्त. आणि फोन ठेवून तिनं मला विचारलं, "चहा टाकू का गं?"